हातवाल्या ताईंचा ‘मी’

सभागृहाच्या वरच्या गॅलरीत येणाऱ्या लोकांना गप्प बसवणं हे माझं काम. मार्शल म्हणतात मला. नाव भारदस्त, काम मात्र शाळेतल्या मॉनिटरचं. टाळ्या वाजवू नका, कठड्यावरून वाकू नका, मोबाइल बाहेर ठेवा, अहो काका, घोरू नका. सगळी नोकरी यात गेली. आमची बायको म्हणते, "घरी तरी चार शब्द बोला हो, इथे कुणी अध्यक्ष बसलेले नाहीत." असा हा मी, दुसऱ्यांची तोंडं बंद करणारा माणूस, आणि सांगायला बसलोय ताईंबद्दल.

ताई खाली डाव्या कोपऱ्यात एका उंचवट्यावर कॅमेऱ्यासमोर उभ्या असतात. सभागृहात जे बोललं जाईल ते त्या हातांनी सांगतात, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांना घरी टीव्हीवर कळावं. आम्ही सगळे त्यांना हातवाल्या ताई म्हणतो. त्या नव्याने आल्या तेव्हा मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, हे काय आणखी नवीन खूळ! इथे ज्यांना धडधडीत ऐकू येतं ते तरी कुठे एकमेकांचं ऐकतात? पण बघता बघता मी भाषणं सोडून ताईंकडेच पाहायला लागलो. एखादे मंत्री घोळवून घोळवून बोलत राहायचे आणि ताईंचे हात जरासे हलून थांबायचे. त्या भाषणात तेवढाच ऐवज असायचा, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार!

आपली हकिकत त्यांनी एकदा कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगितली. आई-वडील दोघांनाही ऐकू येत नव्हतं. बोलणं त्या शेजारणीकडून शिकल्या, हातांची भाषा मात्र पाळण्यातच आली. वडील शिंपी. गिऱ्हाईक आलं की वडिलांचे हात चालायचे आणि ही चिमुरडी शिलाई मशीनशेजारी बसून बोलायची. बोलायची तीही वडील होऊन. "माझी बायको आजारी आहे, तुमची पँट परवा देतो." गिऱ्हाईकं हसून हसून बेजार. एकदा आईला घेऊन दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, मला दिवस गेलेत का हो?" दुधाचे दात पडलेली पोर! डॉक्टर खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले.

"अहो, पण ‘आई विचारते आहे’ असं म्हणायचं ना," मी म्हटलं.

"छे! मी कशाला मध्ये कडमडू?" ताई म्हणाल्या. "बाबा सांगायचे, तू मध्ये आलीस की समोरचा तुझ्याकडे बघतो, माझ्याकडे बघतच नाही. म्हणून जो हात करेल तो बोलतोय, मी फक्त तोंड. आमच्या कामात हीच पद्धत आहे. खाली मंत्री ‘मी’ म्हणाले की माझे हातही ‘मी’ म्हणतात. आणि कुणी माझ्याकडे बघून हात केले की माझा आवाज सुटतोच. झोपेतून उठवलंत तरी सुटेल."

मी हसलो. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

मग तो दिवस आला. गृहखात्याच्या प्रश्नोत्तरांचा. एरवी अर्धी बाकं रिकामी असतात, पण या खात्याच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. चोऱ्या, पोलीस भरती, सीमेपलीकडून येणारी माणसं, सगळ्याची उत्तरं एकटे गृहमंत्री देतात. माणूस तयारीचा. कागद खाली ठेवून बोलतात. एखादा आकडा अडलाच, तर मागे त्यांच्या खात्याचे अधिकारी बसलेले असतात, ते चिठ्ठी लिहून पुढे धाडतात. ती चिठ्ठी हातोहात पोहोचेपर्यंत सभागृह थांबतं. दिवसभरात तेवढीच काय ती शांतता, आणि माझ्या जिवाला तेवढाच आराम.

त्या दिवशी गॅलरीत एक आजी आल्या. पास होता, नंबर मागच्या रांगेतला. त्या मात्र पहिल्या रांगेकडे बोट दाखवायला लागल्या. "आजी, नंबर असेल तिथे बसा," मी म्हटलं. ऐकतील तर शपथ! पुन्हा बोट पहिल्या रांगेकडे, मग खाली ताईंकडे. मी आवाज चढवला. तेव्हा आजींनी स्वतःच्या कानाला हात लावून शांतपणे मान हलवली, आणि माझी ट्यूब पेटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रांगेतल्या एका तरुणाला उठवून मी त्यांना तिथे बसवलं. कठड्यावर हात ठेवून त्या ताईंकडे बघत राहिल्या. मंत्र्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

खाली विरोधी बाकांवरच्या एक सदस्या उठल्या. पोलीस रस्त्यात अडवून कागदपत्रं विचारतात आणि परदेशी ठरवून माणसांना छावणीत ठेवतात, त्यांत आपल्याच देशाचं कुणी नाही ना, असा त्यांचा प्रश्न होता.

"अध्यक्ष महोदय, एकही नाही," गृहमंत्री म्हणाले. "जे स्वतःचं नाव-गाव सांगायला नकार देतात, त्यांनाच तिथे ठेवलंय. पोलिसांनी पुन्हा पुन्हा विचारलं तरी ते तोंड उघडत नाहीत. एकाने तर उलट गळा कापायची खूण करून पोलिसांना धमकावलं. या सगळ्यांना येत्या सोमवारी सीमेपलीकडे पाठवलं जाईल."

बाकं वाजली. ताईंचे हात सगळं सांगत होते, सोमवारसुद्धा.

"त्यांची वैद्यकीय तपासणी झाली आहे का?" सदस्याबाईंनी पुढे विचारलं. हे मंत्र्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मागे पाहिलं. अधिकारी चिठ्ठी लिहायला लागले आणि सभागृह थांबलं.

त्या शांततेत आजींचे हात कठड्यावरून उठले.

आणि खालून ताईंचा आवाज आला. मोठ्याने.

"माझा मुलगा तुमच्या छावणीत आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. ताई स्वतःच दचकल्या होत्या, डोळे मोठे झाले होते. पण वर हात थांबत नव्हते, त्यामुळे खाली आवाजही थांबत नव्हता.

"तो परदेशी नाही. सुतार आहे. कामावर निघाला होता. पोलिसांनी पाठीमागून हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. त्याच्या सोबत्याने त्याला गाडीत घालताना पाहिलं. मी छावणीच्या दारात गेले. शेजाऱ्याने कागदावर त्याचं नाव लिहून दिलं होतं, ते दाखवलं. त्यांनी मान हलवली, या नावाचा इथे कुणी नाही. त्याला लिहिता येत नाही. सोमवारी तुम्ही त्याला जिथे सोडाल, तिथे त्याचं बोलणं कुणाला कळणार?"

ताईंचा आवाज एरवी किती नाजूक! तो त्या वेळी थकलेला, खरखरीत, एका म्हाताऱ्या आईचा झाला होता. एवढ्या वर्षांत मी त्या सभागृहात मोठमोठे वक्ते ऐकलेत. देवाशपथ सांगतो, असं बोलणं ऐकलं नव्हतं.

मग जो गदारोळ उठला, विचारू नका! "कोण बोललं?" "हिला बाहेर काढा!" अध्यक्षांनी हातोडा आपटला. "हे सगळं कामकाजातून काढून टाका. ताई, तुम्हाला इथे बोलायचा अधिकार नाही, माहीत आहे ना?"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माहीत आहे, अध्यक्ष महोदय. पण मी बोललेच नाही. त्या बोलल्या." त्यांनी वर हात केला.

"मार्शल! त्या बाईंना बाहेर न्या."

मी आजींपाशी गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात पुन्हा कठड्यावर ठेवले. एवढ्या गदारोळात त्या तेवढ्या गप्प बसल्या होत्या. माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गॅलरीतून खाली बोललो.

"अध्यक्ष महोदय, गॅलरीत कुणीही आवाज केलेला नाही."

म्हटलं, गेली नोकरी. बायको म्हणेल, बोलायला तोंड उघडलंत ते नेमकं तिथे! कुठूनतरी हसल्याचा आवाज आला, आणि त्या हशात गोंधळ थोडा उतरला. तेवढ्यात गृहमंत्री उभे राहिले.

सभागृहात फक्त अध्यक्षांना उद्देशून बोलायचं असतं. मंत्र्यांनी तो नियम मोडला नाही. अध्यक्षांकडेच बघून ते हळू आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझं उत्तर मी जरा बाजूला ठेवतो. त्या मुलाला नाव विचारलं तर तो ते कसं सांगतो, एवढं मला कळावं."

ताईंच्या हातांनी ते वर पोहोचवलं. आजींनी उजवा हात कानामागे नेला, तिथली पेन्सिल काढावी तशी दोन बोटं पुढे आणली आणि हनुवटीखाली हवेत एक आडवी रेघ ओढली. सुतार फळीवर ओढतो तशी.

ताईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"हे हातांनी ठेवलेलं नाव आहे, ते बोलता येत नाही, अध्यक्ष महोदय," त्या म्हणाल्या. "कागदावरचं नाव वेगळं आहे. पण त्याला नाव विचारलं की तो हेच सांगणार." आणि त्यांनी स्वतः ते नाव केलं. कानामागून पेन्सिल, हनुवटीखाली रेघ.

मागच्या बाकांवर छावणीचे प्रमुख अधिकारी बसले होते. ते ताडकन उभे राहिले. अधिकाऱ्यांनी तिथे उभं राहायचं नसतं, पण त्यांना भान कुठे होतं! कुणीतरी कोट ओढून त्यांना खाली बसवलं. त्यांनी घाईघाईने दुसरी चिठ्ठी लिहिली. ती पुढे आली. मंत्र्यांनी वाचली, पुन्हा वाचली, चष्मा काढला.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "गळा कापायची खूण करतो असं मी ज्याच्याबद्दल सांगितलं, तो हाच. रोज सकाळी हजेरी घेतात तेव्हा तो हेच करतो." त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली. "माझं उत्तर चुकीचं होतं. त्याने नाव सांगितलं होतं. तो माझ्याकडे आहे, सुखरूप आहे. त्याला मी घरी पाठवतो."

ताईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी. माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. रोज नाव सांगतो. मी घरी पाठवतो. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हातांची एकही खूण चुकली नाही.

आणि आजींच्या घशातून एक आवाज फुटला. स्वतःचा आवाज केवढा असतो हे त्यांना कधी कळलेलंच नव्हतं. अख्खं सभागृह त्या हंबरड्याने भरून गेलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहत राहिलो.

सोमवारी कुणालाच पाठवलं नाही, साऱ्या छावणीची नव्याने चौकशी लागली. ताईंना समज दिली गेली, मलाही. त्या दिवसाच्या कामकाजात तेवढ्या वेळापुढे ‘व्यत्यय’ एवढंच छापलंय. ताई अजून त्याच कोपऱ्यात उभ्या असतात, आणि मी अजून अचंब्याने त्यांच्याकडे बघत असतो. एक माणूस स्वतःला इतकं बाजूला कसं ठेवू शकतो, मला नाही बुवा कळत. मी ताईंना विचारून बघितलं, तर म्हणतात, "अहो, मंत्र्यांचा ‘मी’ करायची मला सवय होती. त्या दिवशी पहिल्यांदा तो करताना बरं वाटलं."

पुढच्या अधिवेशनात आजी पुन्हा आल्या. ताईंना भेटायला. सोबत एक दांडगा, लाजरा माणूस. गॅलरीच्या दारात प्रत्येकाला नाव विचारायचा नियम आहे. मी भुवया उंचावून विचारलं.

त्याने कानामागून पेन्सिल काढली आणि रेघ ओढली.

"बरोबर," मी म्हटलं आणि दोघांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.