मधातली खुर्ची

हाय-फायचं प्रदर्शन म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगितलं की तो हसतो. हॉटेलच्या खोल्या भाड्यानं घ्यायच्या, पलंग बाहेर काढायचे, कोपऱ्यांत गाद्या उभ्या करून त्यांवर पडदे सोडायचे, अन् प्रत्येकानं आपापल्या खोलीत आपापलं गाणं वाजवायचं यंत्र मांडून दार उघडं ठेवायचं. लोक येतात, डोळे मिटतात, मान हलवतात, दोन जड शब्द बोलतात अन् शेजारच्या खोलीत जातात. लग्नाच्या पंगतीसारखंच आहे, फक्त पोट भरत नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको स्पीकर लादून पुण्या-मुंबईला जात होतो. यंदा ते नागपुरात भरलं, वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात, आमच्या मनीषनगरहून ऑटोनं जाता येईल इतक्या जवळ. अन् यंदा बायको नव्हती.

ती दिवाळीच्या आधी गेली. मला रडू आलं नाही. लोकांनी पाहिलं अन् म्हणाले, खंबीर आहेत. कसला डोंबलाचा खंबीर! दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपण आपल्याच गालाला बोट लावून पाहतो, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवत होतो, बँकेत पेन्शनच्या कामाला जात होतो, भाजीवाल्याशी भांडतही होतो. फक्त गाणं लागत नव्हतं. ऐकू सगळं येई. तबला कुठे आहे, तंबोरा किती मागे आहे, गाणाऱ्यानं श्वास कुठे घेतला, सगळं. पण ते कानापर्यंत येऊन तिथंच बसून राही, आत येत नसे.

स्पीकर बनवणं हा माझा धंदा नव्हे, पण नुसता शौकही नव्हे. नोकरीतून सुटल्यावर वरच्या खोलीत मी सागवानाच्या पेट्या जोडतो, त्यांत स्पीकर बसवतो, वर्षाकाठी दोन-तीन जोड्या विकतो. घरात मागच्या पिढीपर्यंत हातमाग होता, म्हणून पेटीच्या पुढच्या जाळीचं कापड अजूनही उमरेडच्या चुलतभावाकडून विणून आणतो. हे सगळं चालवायचं की नाही, याचा निकाल मी या प्रदर्शनावर सोडला होता. मुलीला फोनवर सांगितलं, "तिथंही जर मला काही वाटलं नाही, तर वरची खोली रिकामी. करवतीपासून सगळं विकून टाकतो. बहिऱ्यानं स्पीकर बनवू नये." ती म्हणाली, "बाबा, काहीही काय बोलता!" अन् पुण्याहून रजा काढून आली.

आल्यापासून तिची नुसती घाई. बाबा, जेवलात का, बाबा, गोळी घेतली का, बाबा, हा सदरा नको, तो घाला. तिचं ते हसतं तोंड पाहून मला वाटे, चला, निदान ही तरी सावरली.

आता मांडणीचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं. दोन स्पीकर, अन् त्यांच्या समोर मधात एक खुर्ची. त्या खुर्चीत बसल्यावर गाणारी बाई डाव्या पेटीतून नाही, उजव्या पेटीतून नाही, बरोबर दोघांच्या मधात उभी राहून गाते असं वाटलं पाहिजे. तिथं काहीही नसतं, नुसती हवा, पण ती बाई तिथं उभी राहते. हे साधायला दोन माणसं लागतात. मी स्पीकर बोटभर इकडे तिकडे सरकवायचा अन् बायकोनं खुर्चीत बसून सांगायचं. तिला या यंत्रांचं काडीचं कौतुक नव्हतं. मांडीवर मेथीची जुडी घेऊन निवडत बसायची अन् मान वर न करता म्हणायची, "थोडा पुढे घ्या. जास्त झालं. काहून इतका ढकलता? हां. आली बाई." ती "आली बाई" म्हणाली की काम संपलं. माझ्या कानांपेक्षा मी त्या दोन शब्दांवर जास्त विसंबलो, इतकी वर्षं.

यंदा मुलगी खाली नोंदणीच्या टेबलाशी रांगेत होती. मी एकट्यानं टेप लावून अंतरं मोजली, भिंतीपासून, खुर्चीपासून, सगळी तंतोतंत. वायरी जोडल्या. गाणं लावलं. खुर्चीत बसलो नाही. त्या खुर्चीत मी कधी बसतच नसे, अन् आता तर जवळ जायचीही इच्छा नव्हती. कोपऱ्यात उभा राहून म्हटलं, चालतंय.

सकाळभर लोक आले. टाय लावलेले एक साहेब डोळे मिटून म्हणाले, "काय विस्तार आहे! भिंतीच नाहीशा झाल्या." दुसऱ्यानंही तेच म्हटलं. काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी आपली पेन ड्राइव्ह घेऊन आले, गाणं लावून घेतलं अन् म्हणाले, "भाऊ, खर्ज कमी लागून राहिला, नाही का?" मी फाडकन बोललो, "तुमच्या गाडीत जे वाजते ना, ते खर्ज नसते, ती दणदण असते." बिचारे हसले, आणखी एक गाणं ऐकलं अन् आभार मानून गेले. शेजारच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर मांडलेला माझा जुना मित्र आला, दोन मिनिटं मधात बसला, उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला अन् काही न बोलता गेला. मी हे सगळं दुसऱ्या कोणाचं चाललं आहे असं पाहत होतो.

दुपारी जेवायच्या वेळेला खोली रिकामी झाली. मुलगी दमून मधातल्या खुर्चीत बसली. गाणं सुरूच होतं. जरा वेळानं तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, ही बाई कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? समोर."

"समोर कोणीच नाही. इकडूनही गाऊन राहिली अन् तिकडूनही. मधात नुसतं रिकामं आहे."

मी स्पीकरच्या मागे गेलो, चष्मा कपाळावर सारून वाकलो. डाव्या पेटीची लाल वायर काळ्या खुंटीत, अन् काळी लालमध्ये. उलटी. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग आवाज खोलीभर पसरतो, खर्ज गायब होतो अन् मधातली बाई नाहीशी होते. शिकाऊ पोरगंही पहिल्या दिवशी ओळखेल अशी चूक, अन् मी सकाळपासून तिच्या शेजारी उभा होतो. काटोलवाला खरं बोलत होता, त्याला मी झापलं.

तेवढ्यात तो मित्र दोन कप चहा घेऊन आला. मला मागे वाकलेलं पाहून थबकला अन् हळूच म्हणाला, "सापडलं काय?"

"म्हणजे तुले माहीत होतं?"

"सकाळीच लक्षात आलं, भाऊ. पण वहिनी गेल्या, तुम्ही एकटे... कसं बोलू म्हटलं."

माझं डोकं फिरलं. "अरे, माणूस मेलं म्हणून काय वायरही उलटी राहू द्यायची? वीस जण येऊन वा वा करून गेले गा! दया करून राहिले काय माझ्यावर सगळे?" त्यानं चहा टेबलावर ठेवला अन् बाहेरून दार ओढून घेतलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पण वायर हातात धरून मी तिथंच बसलो, अन् मला एकदम आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. म्हणजे दोष वायरीत होता! सकाळपासून काही लागलं नाही, त्याचं कारण माझ्यात नव्हतंच. बाईच नव्हती मधात, तर लागेल काय कपाळ!  लाल लालमध्ये घातली, काळी काळीत. मुलीला म्हटलं, "ऊठ वं, मले बसू दे."

मी खुर्चीत बसलो. तिनं गाणं पहिल्यापासून लावलं.

बाई आली. अगदी मधात, दोन पेट्यांच्या जरा मागे, उभी. तिच्या ओठांचा आवाज येत होता. खर्ज पायांखालच्या जमिनीत लागत होता. इतकी नीट मांडणी माझ्या हातून क्वचितच झाली असेल. मी थांबलो. अंतरा आला अन् गेला. मी आणखी थांबलो. सगळं बरोबर होतं, अन् मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती. "आली ना, बाबा?"

"आली."

"मग? कसं वाटलं?"

मी दरवेळेसारखं "मस्त" म्हणणार होतो. तोंडातून निघालंच नाही. "मले काहीच नाही वाटून राहिलं, बेटा," मी म्हणालो. "तुझी आई गेली तेव्हापासून काहीच नाही. घंटाभर वाजव नाहीतर दिवसभर वाजव."

ती खाली गालिच्यावर बसली. तिचं ते हसतं तोंड एकदम गळून पडलं, अन् त्याच्या खालचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मलेही नाही, बाबा."

"काय तुलेही?"

"मी तुम्हाले रोज सकाळी एक गाणं पाठवते ना फोनवर? एकही ऐकलं नाही मी. नाव वाचायची अन् पाठवून द्यायची. म्हटलं, तुम्ही तरी ऐकाल."

रोज सकाळी चहाच्या वेळेला ते गाणं यायचं. रोज मी लिहायचो, "छान आहे."

"मीही एकही नाही ऐकलं," मी म्हणालो.

 पुण्याच्या त्या खोलीत ही पोर सकाळी उठून माझ्यासाठी गाण्यांची नावं शोधत होती, अन् इकडे मी न ऐकता तिला छान छान म्हणत होतो. एकमेकांना आम्ही बरं असल्याचं दाखवत होतो, इतके महिने. हे कानापाशी बसून राहिलं नाही, आत आलं. दुखलं. खरंच दुखलं.

बाहेर कोणी तरी दार ठोठावलं. दोन-तीन माणसांचे आवाज होते.

"थांबा जरा," तिनं बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "आत डेमो सुरू आहे." अन् हात लांब करून तिनं गाणं बंद केलं.