आमच्या घरातल्या खेपा

नायगावजवळच्या आमच्या खेड्यात खेप म्हणजे पाण्याची. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, विहिरीवरून घरी आणली की एक खेप. शाळेतून आल्यावर आई आधी तेच विचारायची, "खेपा झाल्या का गं?"

लग्न होऊन लातूरला आले, तर इथं खेपा वेगळ्याच. दालमिलपुढचे टेम्पो पोत्यांच्या खेपा करायचे. नवरा ऑटो चालवायचा, तो संध्याकाळी सांगायचा, "आज स्टँडच्या लई खेपा झाल्या." पुढं त्याचं कमरेचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी ऑटो बंद करायला सांगितलं. तो विकायला निघाला. मी म्हटलं, "विकू नका, मला शिकवा."

तो हसला नाही. रोज सकाळी मोकळ्या मैदानात नेऊन त्यानं मला शिकवलं. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना ऑटो मधेच बंद पडला. साहेब म्हणाले, "पुढच्या खेपेला या." पुढच्या खेपेला मी तो आकडा एकदाही न अडखळता काढला. नवरा कुंपणाशी उभा होता. त्यानं तिथूनच शिट्टी मारली.

आता क्लासच्या मुली मीच नेते-आणते. सुरुवातीला एकीच्या आईनं आत वाकून विचारलं, "ड्रायव्हर कुठं गेला?"

"मीच हाय."

आज तीच बाई बहिणीच्या पोरीसाठी माझ्या ऑटोत जागा मागते.

परवा आई एसटीनं लातूरला आली. मुलींच्या सुटण्याची वेळ झालेली, म्हणून तिला स्टँडवरून तशीच क्लासकडं नेली. मुली तिच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसल्या. एकीनं विचारलं, "तुम्ही ताईंच्या आई का?"

"हाव. ही माझी चौथी. हिच्या खेपंला समदे म्हणले, आता तरी पोरगा व्हईल. हीच झाली. सासू बाजंजवळ आली न्हाई."

हे ती माझ्याशीही कधी बोलली नव्हती. आरशात बघितलं, तर तिचा चेहरा अगदी मोकळा होता.

"मग उठता यायला लागल्यावर मीच गावात साखर वाटून आले. एकटी."

चौकात सिग्नल लागला. शेजारच्या ऑटोवाल्यानं ओरडून विचारलं, "ताई, आज पाहुणे कोण?"

मी बोलायच्या आत आईनं डोकं बाहेर काढलं. "आई हाय मी हिची," ती म्हणाली, सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.