ओटीबाई आमच्या आळीत आली होती का?

मावशीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "सुमे, ते चित्र उतरवलं मी. कपाटामागं टाकलंय. थापाड्या बाईचं तोंड रोज कशाला बघू?" एवढं बोलून फोन ठेवला. तवा तसाच सोडून मी पुण्याच्या एसटीचं तिकीट काढलं.

चित्र म्हणजे दगडावरून छापलेलं एक जुनं शिळाछाप चित्र. कसबा पेठेतली तांबटांची आळी, हंड्याला ठोके देणारा कारागीर, पाणी घेऊन जाणाऱ्या दोन बायका. चित्रकार ओटिली ब्रेमहोल्ट, एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली, फारशी कुणाला माहीत नसलेली. मावशी तिला ओटीबाई म्हणते. मावशी तांबटाची लेक, त्याच आळीत जन्मलेली. घर पाडून तिथं इमारत झाली, फोटो एकही नाही. तिच्या माहेराचं म्हणून जगात एवढंच काय ते उरलेलं.

आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त कलाप्राध्यापक चहाला येऊन म्हणाले, "अहो आजी, ही बाई पुण्यात आलीच नसणार. पदर बघा, उजव्या खांद्यावर! घरी बसून काढलंय सगळं." जिनं उभ्या आयुष्यात कुणाचं उत्तर उधार ठेवलं नाही, ती मावशी त्यांचं ऐकून चित्र उतरवून मोकळी झाली. मला राग आला तो याचाच.

कोल्हापूर-पुणे रस्त्याबद्दल काय सांगू! कामं चालू आहेत, होती आणि राहतील. सकाळची पहिली गाडी धरा, म्हणजे दुपारच्या जेवणाला पोचाल. साताऱ्याच्या आसपास गाडी थांबते तिथली भजी गरम असतील तरच खा. स्वारगेटला उतरून मावशीकडे जायला रिक्षावाल्याला "वारजे" म्हटलं, तर तो म्हणाला, "तिकडनं रिकामं यावं लागतं." मुकाट्यानं सिटी बस धरली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय. जाणार असाल तर आधी ईमेल करा, ओळखपत्र न्या आणि पेन घरी ठेवा. जुन्या पुस्तकांजवळ फक्त पेन्सिल चालते. दुपारी जेवणाची सुट्टी असते आणि ती खरोखरच असते. मी ओटिलीचं नाव सांगितल्यावर ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"चाळायचं असेल तर हात धुऊन या. फोटो काढायचा असेल तर अर्ज. नुसतं बघायचं असेल तर समोर बाग आहे."

चित्रकारांच्या कोशात ओटिलीवर चार ओळी होत्या, त्यातल्या दोन तिच्या भावावर. हिरमोड झाला. पण मग तिच्या चित्रांचा मोठा संच आला आणि मी हरखूनच गेले. काय हात होता हो बाईचा! तांब्यावरचा एकेक ठोका वेगळा दिसतो. भाजीवालीच्या कपाळावरची आठीसुद्धा खरी. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली मी, पण असं माणूस उभं करणं मला जमलं नाही.

आणि पुढचं पान उलटलं तर पंगत. केळीची पानं, उदबत्त्या, वाढपी. आणि सगळेच्या सगळे डाव्या हातानं जेवताहेत.

"अहो, हे डाव्या हातानं जेवताहेत!" मी ओरडलेच.

शेजारचे आजोबा पेपरातून मान न काढता म्हणाले, "हळू बोला. डावखुऱ्यांनाही भूक लागते."

मी मागची पानं पुन्हा पाहिली. तांबटाचा हातोडा डाव्या हातात. नथ उजव्या नाकपुडीत. अगं बाई! लिनोच्या तुकड्यावर ठसे कोरताना मुलांना मीच बजावायची, "अक्षरं उलटी काढा रे, छापल्यावर सुलटी होतात." शिळाछापाचंही तेच. ओटिलीनं इथं बसून नीट रेखाटलेलं चित्र तिकडच्या कुणीतरी दगडावर जसंच्या तसं उतरवलं आणि कागदावर अख्खं पुणं उलटं उमटलं. पंगतीत जेवायचा हात कुठला, हे तिकडं कोणाला खटकणार?

तरी शंका राहिलीच. ऐकून, वाचूनही कुणी पदर बरोबर काढील. म्हणून तडक कसबा पेठेत गेले. गाडी नेऊ नका, पायीच फिरा. मोबाइलमध्ये आळीचं चित्र उलटवून घेतलं आणि तोंडाशी उभी राहिले. आतून ठोक्यांचा आवाज येत होता. एका दुकानदारानं विचारलं, "काय शोधताय?"

"वळण."

"पार्किंग नाही मिळायचं."

पण वळण मिळालं! आळी डावीकडे वळते आणि वळणावर डाव्या हातालाच लहानसं देऊळ. छापील चित्रात दोन्ही उजवीकडे, उलटवल्यावर अगदी जागच्या जागी. हे घरी बसून कसं सुचेल? ओटिली मी उभी होते तिथंच कुठंतरी वही घेऊन बसली असणार, उन्हात, पोरांच्या घोळक्यात. तिचा इतका अभिमान वाटला की भर रस्त्यात डोळे भरून आले.

संध्याकाळी वारज्यात चित्र कपाटामागून काढलं, पुसलं आणि कपाटाच्या आरशासमोर धरलं. "मावशी, चित्रात नको, आरशात बघ."

ती आरशाजवळ सरकली. मग आरशावर बोट ठेवलं. "हे देऊळ. त्याच्या अलीकडचं हे दार आमचं. अगं सुमे, मला वाटायचं माझंच म्हातारीचं डोकं फिरलंय, दार भलत्या बाजूला आठवतंय." आणि रडायला लागली. मीही रडले. प्राध्यापकांना दुसऱ्या दिवशी बोलावून आरशापुढं उभं केलं, तेव्हा ते "शक्य आहे" म्हणाले. पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते.

आता कोल्हापूरला परत येऊन पंधरवडा झालाय. ओटिलीवर चार ओळींहून जास्त मजकूर अजून कुठंच सापडलेला नाही, शोधतेय. पाय दुखताहेत, पण पुन्हा जायला सांगितलं तर उद्या निघेन. काल मावशीचा नातू फोनवर तक्रार करत होता, की आजीनं चित्र आरशासमोरच्या भिंतीवर लावलंय आणि दिवसभर चित्राकडे पाठ करून बसते. मी तिला फोनवर घेतलं आणि विचारलं, "खुर्ची अशी उलटी का लावलीस गं?"

"उलटी कुठं?" मावशी म्हणाली. "माहेराकडे तोंड करून बसलेय."