खाली कोणतं गाव हाय?

तळं दिसलं की आप्पांचा प्रश्न ठरलेला. "खाली कोणतं गाव हाय?"

लोक हसायचे, मीही हसायचो. माजलगावच्या मोंढ्यात त्यांचं सरकीच्या ढेपेचं दुकान माझ्या शेजारी. आप्पांचं गाव धरणात गेलेलं. मुलाला जन्म देऊन चार दिवसांत गेलेली त्यांची बायकोही त्याच पाण्याखाली. आप्पा लिंगायत, त्यांच्यात मृताला बसवून पुरतात. "तुमची माणसं जळून मोकळी झाली," आप्पा चहा पिता पिता म्हणायचे, "आमची तिथंच बसून हायत."

त्यांना एकच हवं होतं. पाणी कधी उतरलं, तर तिच्या समाधीवरची मूठभर माती आणायची आणि ती आपल्याबरोबर पुरायला सांगायची. धरण भरल्यापासून गावच्या देवळाजवळची ती जागा उघडी पडली नव्हती, आणि नेमकी कुठं आहे ते आता त्यांनाच ठाऊक होतं.

त्या मे महिन्यात मीच हट्टानं त्यांना मोंढ्यातल्या आमच्या सहलीबरोबर केरळच्या डोंगरात नेलं. जंगल असं दाट, की भरदुपारी अंधारून यावं. वर शेकरू उड्या घेत होते, खाली जळवा पायांना चिकटत होत्या. आप्पा एकेक जळू सोडवून हळूच पानावर ठेवायचे. मग तळ्यात नाव निघाली. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे काळे बुंधे वर आलेले. आम्ही सगळे काठावरचे हत्ती बघत होतो, आप्पा बुंधे बघत होते. त्यांनी पिशवीतून बेलाचं पान काढून पाण्यात सोडलं आणि नावाड्याला तोच प्रश्न हिंदीत विचारला. गाव नव्हतं, जंगलच होतं, असं तो म्हणाला. आप्पांना ते काही पटलं नाही.

नावेतून उतरलो आणि माझ्या फोनला रेंज आली. आप्पांचा मुलगा बोलत होता. पाणी लई उतरलंय, जुन्या देवळाच्या पायऱ्या दिसायला लागल्यात, आप्पांना लगेच पाठवा. सहलीचे तीन दिवस उरले होते. तीन दिवसांनी काय बिघडतं, म्हणून मी आप्पांना सांगितलंच नाही.

परतलो तोवर वरच्या धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. पायऱ्या बुडाल्या होत्या. काठावर उभं राहून मी सगळं कबूल केलं. वाटलं, शिव्या घालतील. आप्पांनी वाकून बेलाचं पान पाण्यात सोडलं.

"बसलीच हाय ती," म्हणाले. "उठून कुठं जाती?"

आप्पा हिवाळ्यात गेले. त्यांना खड्ड्यात बसवलं, विभूती लावली. माती लोटायच्या आधी त्यांच्या मुलानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी खड्ड्याच्या काठावरचीच मूठभर माती उचलून त्यांच्या मांडीवर टाकली.