चुलत्याच्या घोंगडीतली कुसळं
परवा दहिवडीच्या बाजारात नव्या घोंगडीचा तो उग्र, तेलकट वास आला आणि चुलत्याच्या पोराचं लग्न आठवलं. मी तेव्हा चौदा वर्षांची असेन. वडील जाऊन वर्ष झालं होतं. चुलत्यानं लोकरीचं पोतं आईपुढं टाकलं नि म्हणाला, "वयनी, लग्नात माज्या खांद्यावर नवी घोंगडी पायजे. सूत तुमीच काता, तुमच्या हाताचं लय बारीक निघतंय. पण मांडवात तेवढं येऊ नगा. कपाळाला कुकू न्हाई, बरं दिसत न्हाई." आई ओसरीवर चरखा मांडून बसली. लोकर निवडून, पिंजून, कातायला तिच्या सुरळ्या, म्हणजे पेळू, करून आईच्या हाती द्यायचं काम माझं. मी त्यातली कुसळं वेचायचं सोडून दिलं. उलट टोकदार बघून आणखी आत दडवू लागले. तिसऱ्या दिवशी एक कुसळ आईच्या बोटात रुतलं. तिनं ते उपसलं, बोट चोखलं आणि माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. आता मार बसणार, असं मला वाटलं. तिनं ते कुसळ पुन्हा पेळूत घातलं. "पीळ घट्ट दिला म्हंजे निसटायचं न्हाई," एवढंच म्हणाली आणि चाक फिरवलं. लग्नात चुलता ती घोंगडी मिरवत, पाहुण्यांपुढं सारखी मान खाजवत फिरत होता, आणि आम्ही दोघी मांडवाबाहेरून डोळे भरून बघत होतो. आता तो थकलाय. भेटला की मी वाकून पाया पडते. पण त्या कुसळांचं मला अजूनही जराही वाईट वाटत नाही.