वर नेट छान येतं

माझी थोरली वहिनी कुणाच्या गाडीवर, घरावर, दागिन्यावर कधी जळली नाही. ती जळायची एकाच माणसावर: वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या धाकट्या जावेवर. कारण आमची आई.

वहिनी शाळांचे गणवेश शिवते. दिवसाला आठ-दहा शर्ट, काजाबटणांसकट. आईचं जेवण, औषधं, डोळ्यांत थेंब घालणं, सगळं तिच्याकडे. आणि आई? सकाळचा चहा झाला की मोबाईल घेऊन जिना चढायची, ती थेट जेवायला खाली. परदेशातल्या माझ्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं असतं, हे कारण. "वर नेट छान येतं गं," म्हणायची.

आता राउटर आमच्या घरात, आईच्या खुर्चीपासून चार हातांवर! वरच्यांनी वेगळं कनेक्शन घेतलंच नव्हतं. आमचंच वायफाय बिनपासवर्डचं, आओ जाओ घर तुम्हारा. वहिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"नेट माझं, सासू माझी, आणि बैठक हिच्याकडे! मरमर मरायचं मी, कौतुक हिचं!"

शेवटी एका रविवारी तिनं मला राउटरपुढे बसवलं. "भावजी, ह्याला कुलूप घाला."

राउटरच्या बुडाखाली छापलेला पत्ता मी लॅपटॉपवर टाकला, सेटिंग उघडलं. सिक्युरिटीच्या रकान्यात 'ओपन' होतं, तिथं 'डब्ल्यूपीए-टू' केलं. समजावूनही सांगितलं, की आता हवेतून जाणारा शब्द न् शब्द सांकेतिक होऊन जाणार, पासवर्ड नसेल त्याच्या हाती नुसती गिचमिड.

"ते राहू द्या. वर बंद होईल ना?"

"होईल."

पासवर्ड तिनं मला तोंड फिरवायला लावून स्वतः टाइप केला. आईच्या फोनमध्ये मुद्दाम घातला नाही. "माझ्या फोनवरून बोलतील. माझ्याजवळ बसून," म्हणाली.

सोमवारी तिनं आईच्या खुर्चीवर नवी उशी ठेवली आणि मशीनवर बसली. कान जिन्याकडे. आई वर गेली, ती जेवायलाच उतरली. मंगळवारीही तेच. नेटबद्दल चकार शब्द नाही.

बुधवारी बहिणीचा फोन आला, वहिनीच्या मोबाईलवर. "वहिनी, आई तीन दिवस ऑनलाइन दिसत नाही. बरी आहे ना?"

वहिनी फोन हातात धरून तरातरा वर गेली. मी मागोमाग. दार उघडंच होतं. आई पलंगावर पाय पसरून लहानपणीची काहीतरी गंमत सांगत होती, धाकटी तिच्या पायाशी बसून खिदळत होती. आईचा मोबाईल कपाटावर पडलेला.

"आई, इथं तर तीन दिवस नेटच नाही," वहिनीचा आवाज चिरकला. "मग इथं आहे तरी काय?"

आई ओशाळली. "नेट खालीही चांगलंच येतं गं. तुला वाईट वाटू नये म्हणून आपलं म्हणत होते." मग हळूच म्हणाली, "तुझ्या तोंडात दिवसभर टाचण्या. मी बोलते, तू मान हलवतेस. ही बोलते माझ्याशी."

फोनमधून बहीण हॅलो हॅलो करत होती. वहिनीनं फोन आईच्या हातात दिला. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ती धाकटीशेजारी जमिनीवर बसली. बहिणीशी बोलणं संपल्यावर आईनं कौतुकानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी पुढे सरकली. "मघाची ती गंमत पहिल्यापासून सांगा ना," म्हणाली.