बापाचा गळा

उत्तरेश्वरचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नसे. शाळेत या तोंडापायी त्याने छड्या खाल्ल्या आणि पुढे याच तोंडाच्या जोरावर पुण्याजवळच्या मांजरी गावात फ्लॅट घेतला. मोबाइलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा तो मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळातला नावाजलेला खेळाडू होता. पंचविशीत बोटं मंदावली, नवी पोरं पुढे गेली. मग तो त्याच खेळाचं समालोचन करू लागला. कोण कुठे दडलाय, कोण पडला, हे सगळं तो एका दमात सांगे.

हा दम आला कुठून, ते गुलटेकडीत कुणीही सांगितलं असतं. त्याचा बाप मच्छिंद्र तीस वर्षं मार्केट यार्डात एका आडत्याकडे कांद्याचा लिलाव पुकारत होता. लहानपणी उत्तरेश्वर गोणीवर बसून बापामागोमाग तेच पुटपुटायचा.

बालेवाडीच्या मोठ्या स्पर्धेचा पास त्याने हौसेने बापाला दिला. मच्छिंद्र इस्त्रीची टोपी घालून तिसऱ्या रांगेत बसला. सामना संपल्यावर निवेदिका राजनंदिनीने मंचावरच विचारलं, "इतकं फास्ट बोलायला शिकलास कुठे?"

समोर कॅमेरे, कंपन्यांचे साहेब. कांदा जिभेवर आला आणि तिथेच अडकला.

"कॉलेजच्या डिबेटमध्ये," तो म्हणाला.

डिबेटच्या वाऱ्यालाही हा कधी उभा राहिला नव्हता. टाळ्या पडल्या. मच्छिंद्रनेही वाजवल्या. त्या टाळ्या बघून उत्तरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत बापाने टोपी घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माफी मागायचीच असं ठरवून तो यार्डात गेला. लिलाव नुकताच आटोपला होता. बाप पाठमोरा बसून पाणी पीत होता. शेजारी रामदास हमाल मोबाइलवर कालचाच सामना बघत होता.

"मच्छिंद्रनाना, पोराला गळा तुमचाच हाय."

"न्हाय रे. त्यो कालेजात शिकलाय," मच्छिंद्र म्हणाला. "आन् असं कुनाम्होरं बोलू नगंस."

उत्तरेश्वरला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. हजारोंपुढे धडाधड चालणाऱ्या त्या तोंडातून "आण्णा" एवढंच निघालं, तेही फाटकं.

मच्छिंद्रने वळून पाहिलं. मग घाईने उठून त्याला गोण्यांच्या आडोशाला ओढलं.

"हितं कशाला आलास? कुनी फोटू काढंल तुझा."